दोन-चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट एक्सएफसीई

दहा-पंधरा वर्षांचा लॅपटॉप, दोन किंवा चार जीबी रॅम आणि लिनक्स (विंडोजऐवजी वापरायची मोफत ऑपरेटिंग सिस्टम) पहिल्यांदाच वापरणारा माणूस, या तिघांचं जमवायचं असेल तर मिंट या लिनक्सच्या २२ मालिकेतली हलक्या डेस्कटॉपची एक्सएफसीई आवृत्ती हीच आमची पहिली शिफारस. मेनू डाव्या कोपऱ्यात, अपडेट बटण दाबून, आणि सुरक्षा अपडेट २०२९पर्यंत. चार जीबीवर ती सुखाने चालते. दोन जीबीवरही चालते, पण काही पथ्यं पाळावी लागतात.

आधी प्रोसेसर पाहा. मिंट २२ फक्त ६४-बिट आहे. कोअर २ ड्युओ चालतो. २००८च्या सुमाराच्या छोट्या नेटबुकांमधला अ‍ॅटम एन२७० मात्र ३२-बिट आहे, त्यावर मिंट सुरूच होणार नाही. तिथे डेबियन १२ या लिनक्सवर बेतलेलं, आणखी हलकं अँटीएक्स २३ टाका. ते रिकामं असताना मिंटच्या निम्म्याहून कमी रॅम घेतं, पण त्याचे मेनू नवख्याला गोंधळात टाकतात.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा घ्या. आयएसओ (मिंटची इन्स्टॉल करायची फाइल) उतरवल्यावर चेकसम, म्हणजे फाइल नीट उतरल्याची खात्री देणारा आकडा, जुळवायचा कंटाळा करू नका. इन्स्टॉल अर्ध्यावर अडकण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे अर्धवट उतरलेली फाइल. विंडोजवरच्या रूफस या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहिताना जुन्या बायोसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) यंत्रासाठी एमबीआर ही डिस्कची मांडणी निवडा. यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू करायला बूट मेनू लागतो. त्यासाठी डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप. एसरवर एफ१२ चालण्यासाठी आधी बायोसमध्ये तो पर्याय चालू करावा लागतो.

पेनड्राइव्हवरून सुरू झालेलं मिंट संथ वाटेल. त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका, यूएसबी २.० चा तो वेग आहे. इथे तपासायचं ते वायफाय, आवाज, ब्राइटनेस आणि टचपॅड. दोन जीबीच्या यंत्रावर या टप्प्यात ब्राउझर उघडू नका, रॅम भरून सगळं गोठतं. पडदा काळाच राहिला, विशेषतः जुन्या एनव्हिडिया कार्डावर, तर सुरुवातीच्या मेनूतला कंपॅटिबिलिटी मोड निवडा. ब्रॉडकॉमचं वायफाय दिसलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंट त्याला वायरचं नेटवर्क समजतं. मग ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर घेता येतो.

इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या भागांच्या) चौकटीत खूण करा. ‘इरेज डिस्क’ पूर्ण डिस्क पुसतं, म्हणून फोटो आणि कागदपत्रं आधीच बाहेर काढलेली हवीत.

एक दोष मिंटचा वाटतो, पण मिंटचा नसतो: अपडेट होत नाही आणि प्रत्येक वेबसाइट असुरक्षित असल्याचा इशारा येतो. घड्याळ पाहा. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते आणि सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध ठरतात. बहुतेक यंत्रांत हा सेल सीआर२०३२ असतो.

आता वेगाबद्दल. मिंट एक्सएफसीई रिकामं असताना पाऊण ते एक जीबी रॅम घेतं. उरलेली रॅम ब्राउझर खातो, मग तुम्ही कोणतंही लिनक्स टाका. त्यामुळे आठवडाभर वेगवेगळी लिनक्स टाकून पाहण्यापेक्षा हार्ड डिस्क काढून साटा जोडणीची २.५ इंची एसएसडी बसवा. जुन्या साटा २ पोर्टवरही फरक लगेच जाणवतो, आणि १२० जीबी पुरते. दुसरा खर्च रॅमचा. डीडीआर३ आणि डीडीआर३एल या रॅमच्या प्रकारांत गल्लत नको: एल असलेली १.३५ व्होल्टची पट्टी सहसा १.५ व्होल्टच्या जुन्या यंत्रातही चालते, उलट मात्र बहुधा चालत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेली पट्टी घ्यायची असेल तर जुनी पट्टी सोबत नेऊन लेबल जुळवून घ्या.

रॅम वाढवता येत नसेल तर सिनॅप्टिक या सॉफ्टवेअर बसवायच्या प्रोग्राममधून झेडरॅम-टूल्स घ्या आणि त्याच्या सेटिंग फाइलमध्ये पर्सेंट ५० ही ओळ चालू करा. रॅममधला मजकूर दाबून साठवला जातो आणि डिस्कवर स्वॅप करण्याची, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्क वापरण्याची, वेळ कमी येते. विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटर (विंडोंना सावल्या आणि पारदर्शकपणा देणारा भाग) बंद करा. ब्लूटूथ वापरत नसाल तर तेही सेशन अँड स्टार्टअपमधून काढा. फ्लॅटपॅक, म्हणजे लागणारे सगळे भाग सोबत घेऊन येणारी पॅकेजं, टाळा: छोट्या अ‍ॅपबरोबरही शेकडो एमबी उतरतात.

व्हिडिओ अडखळतो याचं कारण वेगळं आहे. यूट्यूब व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या प्रकारांत दाबून पाठवतं, जुन्या ग्राफिक्स चिपला ते उलगडता येत नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. फायरफॉक्समध्ये एच२६४इफाय हे एक्स्टेंशन टाकलं की यूट्यूब एच.२६४ हा जुना प्रकार देतं. त्याचा भार कमी असतो, आणि बऱ्याच जुन्या चिपांना ते पेलतं. कोअर २ ड्युओवर ४८०पी निर्धोक समजा. त्यापुढची अपेक्षा धरू नका.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगच्या लेआउट टॅबमध्ये जाऊन ‘सिस्टम डिफॉल्ट’ची खूण काढा आणि भारताच्या मांडण्यांतून मराठी इनस्क्रिप्ट जोडा. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. ‘ळ’ शिफ्ट-एनवर आहे. ‘वाऱ्या’मधला र हवा असेल तर शिफ्ट-जे, मग डी, मग स्लॅश. साध्या जेने लिहिलात तर ‘वार्या’ उमटेल. रोमन अक्षरांतून लिहिण्याची सवय असेल तर आयबस-एम१७एन हे टायपिंगचं पॅकेज टाकून इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या आणि यादीतून मराठी आयट्रान्स जोडा.