कुलूप जसंच्या तसं, आतली चांदी गायब. विमानात बॅग टाकणाऱ्यांनी वाचा

एकूण ४७,८७० रुपये गेले. हुपरीतनं घेतलेली चांदी ३६,८७० ची, जीएसटीसकट पक्कं बिल आहे माझ्याकडं, आणि पाकिटात रोख ११,०००. नातवाचा पहिला वाढदिवस होता, वाटी-चमचा, कडी, करदोटा असं सगळं हौसेनं घेतलेलं. आणि बॅगेचं कुलूप लागलेलं, चेन बंद, कुठं फाटलेलं नाही का तुटलेलं नाही. म्हणूनच लिहितोय, कारण कुलूप लावलं म्हणजे बॅग सुरक्षित असं जो तो धरून चालतो, आणि त्याच कुलपाचं कारण पुढं करून विमान कंपनीनं मला वाटेला लावलं.

आधी एक स्पष्ट करतो, कारण आमच्या निम्म्या पाहुण्यांनी हेच ऐकवलं की "चांदी कोण सामानात टाकतं हो?" मी टाकली नव्हती. काउंटरला जी मोठी बॅग दिली तिच्यात कपडे, कांदा-लसूण चटणी आणि जावयाच्या चपला. चांदी आणि रोख हातातल्या छोट्या ट्रॉलीत, जी माझ्यासोबत वर असायला पाहिजे होती, वजनातही बसत होती. पण उजळाईवाडीवरनं, म्हणजे कोल्हापूर विमानतळावरनं, आमचं विमान होतं एटीआर, पंख्याचं, त्याचे वरचे कप्पे लहान. पायऱ्यांपाशी गेल्यावर कंपनीचा माणूस म्हणतो, काका ही वर बसणार नाही, खाली द्या, डायरेक्ट शेवटच्या एअरपोर्टला मिळेल. पॉवर बँक आहे का विचारलं, मी काढून घेतली. लिथियम बॅटरी खाली चालत नाही हा नियम त्याला तोंडपाठ. रोख आहे का, दागिने आहेत का, हे मात्र एका शब्दानं विचारलं नाही. मागं रांग, डोक्यावर ऊन, आणि पायरीवर उभं राहून माणूस मखमली डबा उघडून चांदी खिशात भरत बसणार का? चेनच्या दोन्ही रनरमध्ये कुलूप अडकवलं आणि दिली.

म्हणून सांगतो, हातातल्या बॅगेत सुद्धा किमती वस्तू सुट्ट्या ठेवू नका, एका कापडी पिशवीत सगळं एकत्र ठेवा, बॅग मागितली की पिशवी उपसून घ्यायची आणि मगच बॅग द्यायची. छोट्या विमानाला हे हमखास होतं.

आणखी एक, जे मला नंतर कळलं. काउंटरवर दिलेल्या बॅगेचं वजन होतं, ते सिस्टीममध्ये चढतं, उद्या भांडायला काहीतरी हातात राहतं. पायऱ्यांपाशी घेतलेल्या बॅगेचं वजन कुणीच करत नाही. माझ्या टॅगवर वजनाचा आकडाच नव्हता. पाव किलोच्या वर चांदी गेली आणि ती बॅगेत होती याचा कागदावर पुरावा शून्य.

आता तो क्षण. मधे विमान बदलून शेवटच्या एअरपोर्टला उतरलो, बेल्टवर बॅग आली. मी कुलूप कायम वरच्या हँडलच्या खाली मधोमध ठेवतो, वर्षानुवर्षांची सवय आहे. बेल्टवर ते पार चाकाजवळच्या कोपऱ्यात आलेलं. आमच्या हिनं बोलून पण दाखवलं, "अहो, कुलूप खाली कसं गेलं?" मी म्हटलं ओढाताणीत सरकलं असेल. कंपनीचा काउंटर समोर होता, दहा पावलांवर, एक मुलगी रिकामी बसलेली. तिथंच बॅग उघडली असती तर आज चित्र वेगळं असतं, हे डोक्यातनं जात नाही, रात्री झोपेत ते कोपऱ्यातलं कुलूप दिसतं. पण कुलूप लागलेली, चेन बंद असलेली बॅग हॉलमध्ये उघडून कोण बघतो? जावई बाहेर गाडी घेऊन खोळंबलेला, त्याचे फोनवर फोन, आम्ही दिवसभर प्रवासानं मोडलेलो. कुणीही बाहेरच पडलं असतं.

घरी जाऊन उघडली. वाटी-चमच्याचा डबा होता त्याच जागी, झाकण लावून व्यवस्थित ठेवलेला. आत काही नाही. पाकीट पण होतं, "चि. बाळास अनेक आशीर्वाद" लिहिलेलं, रिकामं. पोरीसमोर तो डबा हातात घेऊन उभा राहिलो तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही.

हे केलं कसं ते कोल्हापुरात परत आल्यावर कळलं. बॅगांच्या चेन दुरुस्त करणाऱ्याकडं नेली, त्यानं बोटानं चेन चाचपली आणि म्हणाला पेनानं उघडलीय. त्याच्याच दुकानात करून दाखवलं. साधा बॉलपेन, त्याचं टोक चेनच्या दातांमधे दाबून घुसवलं, चेन मधनंच उकलली, मग हातानं भराभर फाकवत नेली. हात आत घालून पाहिजे ते काढायचं, आणि मग कुलूप अडकवलेले दोन्ही रनर एकत्र धरून पूर्ण चेनवरनं एकदा फिरवायचे, चेन पुन्हा जुळते. मिनिट पण लागलं नाही. माझ्या चेनवर एका ठिकाणी दात किंचित वर आलेले आणि निळ्या शाईचा टिपका होता, तो त्यानं भिंग लावून दाखवला. रनर फिरवून आणले म्हणूनच कुलपाची जागा बदलली.

त्यामुळं कुलूप नुसतं दोन रनरमध्ये अडकवू नका. रनर बॅगेच्या पक्क्या कडीला किंवा हँडलला बांधा, प्लास्टिकच्या केबल टायनं बांधलं तरी चालेल, म्हणजे रनर फिरवताच येत नाहीत आणि उकललेली चेन तशीच उघडी दिसते. चोर थांबेलच असं नाही, पण "कुलूप तर आहे" हे कंपनीला म्हणता येणार नाही. बिनचेनची, कडक खटक्याची बॅग मिळाली तर सगळ्यात बरी. आणि ते टीएसएचं, म्हणजे अमेरिकेतल्या विमानतळ सुरक्षावाल्यांना मास्टर किल्लीनं उघडता येणारं, लाल खुणेचं कुलूप, दुकानदार जास्त पैसे लावून विकतो ते, त्याच्या मास्टर किल्ल्यांचे फोटो बाहेर फुटून २०१५ मध्येच लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या बनवल्यात. शिवाय चेन पेनानं उघडत असेल तर कुलूप कुठलं का असेना.

आता तक्रारीचं ऐका. त्याच रात्री मेल केला. उत्तर आलं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, बॅग सुस्थितीत व कुलूपबंद मिळाल्याचं दिसतं, हॉलमध्ये तक्रार नोंदवलेली नाही. फोन केला तर म्हणे रोख आणि दागिने आमच्या जबाबदारीत येत नाहीत, तिकिटाच्या अटी वाचा. अहो पण बॅग माझ्या हातातनं घेतली कुणी? त्यावर "आपला मुद्दा वरिष्ठांना कळवतो". सीसीटीव्ही बघा म्हटलं, तर फुटेज फक्त पोलिसांना देतो. पोलिसांत गेलो, तिथला साहेब म्हणतो आधी कंपनीचं लेखी आणा की चोरी झाली. कंपनी म्हणते आधी एफआयआर आणा. हे म्हणतात तिकडं जावा, ते म्हणतात इकडं या, आणि मधे फुटेज पुसलं जातंय हे दोघांनाही माहिती! इथं परत आल्यावर एका ठाण्यात गेलो तर "घडलं तिथं जाऊन द्या". दीड हजार किलोमीटरवर मी अर्ज द्यायला जायचं? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते, झिरो एफआयआर म्हणतात त्याला. भाच्यानं ते कलम छापून दिलं, कागद टेबलावर ठेवला तेव्हा कुठं अर्ज घेतला, तो पण एफआयआर म्हणून नाही, नुसता टपाल शिक्का मारून. माणूस वयस्कर दिसला, बोलायला मऊ दिसला की त्याला असंच दारोदार फिरवायचं. पैसे गेले त्याहून याचा संताप जास्त आहे.

आणि समजा मान्य केलं तरी देशातल्या प्रवासात सामानाची भरपाई जास्तीत जास्त २०,००० रुपये. जास्त किमतीचं सामान असेल तर आधी काउंटरला जाहीर करून जादा पैसे भरायची सोय असते, ती स्वतः विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. परदेशातनं येताना मॉन्ट्रियल करार लागतो, तिथं नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत, पण तुम्ही सात दिवसांवर राहू नका. तक्रार न करता बॅग उचलली की ती नीट मिळाली असंच धरतात. बेल्टवरच बघा, वेगळं काही वाटलं तर काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा फॉर्म, भरून घ्या, त्याची प्रत घेतल्याशिवाय दरवाजा ओलांडायचा नाही, बाहेर कोण का थांबेना.

बॅग भरताना फोटो काढा, आतला पण आणि चेन-कुलपाचा पण. माझ्याकडं बिल आहे, फोटो नाही.

ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे इथं कोल्हापुरातच तक्रार देता येते, पाच लाखांच्या आत फी नाही, मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरला फोन करून नोंद नंबर घेतलाय. आणि कंपनीनं परवा मेलवर १,५०० रुपयांचं व्हाउचर पाठवलंय, सदिच्छा म्हणून, खाली बारीक अक्षरात लिहिलंय की ते स्वीकारलं की तक्रार पूर्ण व अंतिम मिटली. मी हात लावलेला नाही. तुम्हाला असलं काही आलं तर त्या बटणावर क्लिक करू नका.