प्रश्नावली, शिवारफेरी आणि नायट्रेटची पट्टी: शेतकरी प्रशिक्षणाच्या मूल्यमापन संचाचा आठ महिन्यांचा अनुभव

मातीचे आरोग्य आणि पाण्याची गुणवत्ता या विषयांवर शेतकऱ्यांसाठी घेतलेले प्रशिक्षण उपयोगी पडले की नाही, हे तपासण्यासाठी तयार केलेला एक मूल्यमापन संच मी गेले आठ महिने, म्हणजे पेरणीच्या आधीपासून काढणी उरकून जमीन मोकळी होईपर्यंत, वापरत आहे. संचात प्रशिक्षणापूर्वीची आणि नंतरची प्रश्नावली, शेतावर जाऊन भरायचा निरीक्षण तक्ता, मातीत पाणी मुरण्याचा वेग मोजायचे लोखंडी कडे, ढेकळांची मजबुती पाहायची चाळणी, नायट्रेट मोजायच्या पट्ट्या, पाण्याचा गढूळपणा पाहायची पारदर्शक नळी आणि या सगळ्या नोंदी भरायचे मोबाइल ॲप इतके साहित्य आहे. दोन गटांवर तो वापरला. एका गटाला पूर्ण प्रशिक्षण मिळाले होते आणि दुसरा केवळ तुलनेसाठी होता. संच बनवणाऱ्यांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या त्रुटी मला आढळल्या त्यांतील बऱ्याचशा या प्रकारच्या कोणत्याही संचात आढळतील.

संचाची मांडणी क्लॉड बेनेट यांनी 1975 मध्ये विस्तार शिक्षणासाठी, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत नवे ज्ञान पोहोचवण्याच्या कामासाठी, सुचवलेल्या सात पायऱ्यांच्या उतरंडीवर आधारलेली आहे. सर्वांत खाली खर्च झालेली साधने, त्यावर घेतलेले कार्यक्रम, मग लोकांचा सहभाग, त्यांची प्रतिक्रिया, ज्ञान आणि दृष्टिकोनातील बदल, प्रत्यक्ष शेतीपद्धतीतील बदल आणि सर्वांत वर अंतिम परिणाम, असा तो क्रम आहे. वरच्या पायरीवरचा पुरावा अधिक वजनदार असतो, पण तो मिळवायला वेळ आणि कष्टही तितकेच अधिक लागतात. संचाच्या माहितीपुस्तिकेत ‘एका हंगामात सातही पायऱ्यांचे मूल्यमापन’ असे आश्वासन आहे. माझा मुख्य आक्षेप याच वाक्याला आहे. एका हंगामात सहाव्या पायरीपर्यंत प्रामाणिकपणे पोहोचता येते. सातवीवरचे आकडे मिळतात, परंतु त्यांना अर्थ नसतो.

आधी प्रश्नावलीविषयी. ‘प्रशिक्षण आवडले का’ या प्रकारचे प्रश्न मी दुसऱ्याच आठवड्यात गाळले. प्रशिक्षक समोर उभा असताना कोणीही नाही म्हणत नाही. ज्ञानाचे स्वतःच केलेले मूल्यमापन मात्र वेगळ्याच कारणाने फसले. प्रशिक्षणापूर्वी ‘मातीच्या आरोग्याविषयी मला चांगली माहिती आहे’ या विधानापुढे बहुतेकांनी वरचा गुण दिला आणि प्रशिक्षणानंतर त्यांतील अनेकांनी स्वतःला आधीपेक्षा कमी गुण दिले. ॲपने त्याचा अर्थ ‘ज्ञानात घट’ असा लावला. प्रत्यक्षात विषयाची व्याप्ती कळल्यावर माणसाची स्वतःला मोजायची पट्टीच बदलते, आणि मूल्यमापनशास्त्रात हा परिणाम परिचित आहे. त्यावरचा उपायही जुनाच आहे. प्रशिक्षण संपल्यावर एकाच वेळी ‘आज किती कळते’ आणि ‘आता मागे वळून पाहता तेव्हा किती कळत होते’ हे दोन्ही विचारायचे. संचात ही सोय नव्हती. मी ती कागदावर करून घेतली. त्यातही दोष आहे, कारण माणूस स्वतःची प्रगती फुगवून सांगू शकतो, परंतु निदान उत्तरांची दिशा तरी उलटी येत नाही.

‘तुम्ही माती परीक्षण करता का?’ हा प्रश्न तर निव्वळ वाया गेला, कारण सगळ्यांचे उत्तर होकारार्थीच आले. त्याऐवजी मी मागचा अहवाल दाखवायला सांगू लागलो, त्यातील सेंद्रिय कर्बाचा (कुजलेल्या पालापाचोळ्यातून आणि शेणखतातून मातीत साठलेल्या कार्बनचा) आकडा कोणता ते विचारू लागलो आणि त्या अहवालावरून खताच्या मात्रेत नेमका कोणता बदल केला हे नोंदवू लागलो. होकारांची संख्या झपाट्याने घसरली. ज्यांचा होकार टिकला, त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून मात्र प्रशिक्षणाच्या पाठ्यक्रमातील एक मोठी उणीव लक्षात आली. नमुना घेण्याची रीत शिकवण्यात बराच वेळ गेला होता. झाडाखालची, बांधालगतची किंवा खताच्या ढिगाजवळची जागा टाळायची, आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करायची आणि चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन पुन्हा पुन्हा काढून टाकत) अर्धा किलो उरवायची, हे सर्वांना पाठ होते. अहवाल हाती आल्यावर तो वाचायचा कसा, यासाठी मात्र जेमतेम अर्धा तास राखलेला होता.

संचातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे शिवारफेरीचा निरीक्षण तक्ता, आणि गंमत अशी की माहितीपुस्तिकेत त्याला सर्वांत कमी जागा दिलेली आहे. शेतकऱ्याबरोबर शेतातून चालत जायचे आणि काही मोजक्या गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून नोंदवायच्या: जमिनीवर पिकांच्या अवशेषांचे आच्छादन किती आहे, उतारावर ओघळी पडल्या आहेत का, मशागत उताराला आडवी आहे की उताराच्या दिशेने, ओढ्याच्या काठी गवताची पट्टी राखली आहे का, शेणखताचा ढीग विहिरीपासून किती अंतरावर आहे. पहिल्या महिन्यात मी आणि माझा सहकारी एकाच शेतातील आच्छादनाचा अंदाज इतका वेगवेगळा देत होतो की दोघांच्या नोंदी एकत्र करण्यात अर्थ उरला नाही. मग आम्ही समान अंतरावर शंभर गाठी मारलेला दोर ओळींना तिरपा ताणून, किती गाठींखाली अवशेष येतात ते मोजायला सुरुवात केली. ही पद्धत जुनी आणि सर्वमान्य आहे. गाठींची संख्या म्हणजेच आच्छादनाची टक्केवारी. संवर्धित मशागतीसाठी, म्हणजे जमीन कमीत कमी हलवून केलेल्या मशागतीसाठी, पेरणीनंतर किमान 30 टक्के आच्छादन हा निकष सर्रास वापरला जातो, त्यामुळे तुलनेला आधारही मिळतो. दोर संचात नाही. तो असायलाच हवा होता.

शिवारफेरीत आणखी एक लाभ झाला. जिथे शिकवलेली गोष्ट अमलात आलेली नसते, तिथे तिचे कारण आपोआप पुढे येते. आच्छादन का ठेवले नाही, या प्रश्नावर प्रश्नावलीत ‘माहिती नाही’, ‘इच्छा नाही’ आणि ‘इतर’ असे तीनच पर्याय होते, पण शेतात उभे राहिल्यावर कळले की अवशेष जनावरांच्या चाऱ्यासाठी लागतात, किंवा जमीन खंडाने घेतलेली आहे आणि पुढच्या वर्षी ती आपल्याकडे राहील याची खात्री नाही. ही माणसे प्रशिक्षणात कच्ची राहिलेली नव्हती. त्यांना दिलेला सल्लाच त्यांच्या परिस्थितीला लागू पडत नव्हता, आणि मूल्यमापनाने हा फरक दाखवला नाही तर दोष नेहमी शेतकऱ्याच्याच माथी बसतो.

मातीच्या चाचण्यांपैकी दोन उत्तम ठरल्या. पाणी मुरण्याच्या चाचणीत साधारण 15 सेंटिमीटर व्यासाचे कडे जमिनीत ठोकून त्यात 444 मिलिलिटर पाणी ओततात. हे पाणी 2.5 सेंटिमीटर खोलीइतके भरते आणि ते जिरायला किती वेळ लागतो ते मोजायचे असते. पहिल्या ओतणीचा वेळ जमिनीतील ओलाव्यावर अवलंबून असल्याने दुसऱ्या ओतणीचा वेळ धरणे अधिक योग्य. भेगाळलेल्या चिकण जमिनीत मात्र पाणी भेगेतून निघून जाते आणि आकडा फसवा येतो, ही सूचना पुस्तिकेत नाही. दुसरी चाचणी ढेकळांची: वाळलेले ढेकूळ चाळणीवर ठेवून पाण्यात सोडायचे आणि ते विरघळते की टिकते ते पाहायचे. नांगरलेल्या शेतातील आणि त्याच शेताच्या बांधावरच्या गवताखालील ढेकूळ शेजारी शेजारी ठेवले की पहिल्याचा चिखल होताना आणि दुसरे शाबूत राहिलेले सगळ्यांना दिसते. त्यानंतर व्याख्यानाची गरज उरत नाही.

सेंद्रिय कर्बाचे मोजमाप मात्र एका हंगामाच्या मूल्यमापनात ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. हिशोब साधा आहे. एका हेक्टरवरील वरच्या 15 सेंटिमीटर मातीचे वजन, स्थूल घनता (एका घनसेंटिमीटर मातीचे कोरडे वजन) 1.3 ग्रॅम धरली तर, 1,950 टन भरते. तिच्यातील कर्ब 0.1 टक्क्याने वाढायचा असेल तर जवळजवळ 2 टन कर्ब त्या मातीत टिकून राहायला हवा, आणि टाकलेल्या सेंद्रिय पदार्थातील बराचसा कर्ब तर कुजताना कर्बवायू होऊन हवेत जातो. त्यात भर म्हणजे एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांतील फरक किंवा प्रयोगशाळेने तोच नमुना दुसऱ्यांदा तपासल्यावर येणारा फरक याहून मोठा असू शकतो. तरीही ॲप हंगामाच्या शेवटी कर्बाच्या आकड्यासमोर हिरवा किंवा लाल बाण दाखवते. एका शेतकऱ्याने मन लावून सगळे केले आणि त्याच्या नावापुढे लाल बाण आला, तेव्हा तो अर्थहीन आहे हे त्याला समजावताना माझी दमछाक झाली.

पाण्याच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली, ती इथे मांडतो, कारण इतरांकडूनही ती सहज होऊ शकते. संचातील पट्ट्या नायट्रेट दाखवतात, तर पडताळणीसाठी नमुने पाठवले त्या प्रयोगशाळेचा अहवाल नायट्रेट-नायट्रोजनमध्ये, म्हणजे नायट्रेटमधील केवळ नायट्रोजनच्या वजनात, होता. दोन्ही आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये असतात, पण दुसऱ्याला 4.43 ने गुणल्यावर पहिला मिळतो. एका विहिरीच्या अहवालात 14 हा आकडा होता. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा नायट्रेटच्या स्वरूपात 50 आहे, म्हणून आम्ही ते पाणी निर्धोक ठरवून मोकळे झालो. प्रत्यक्षात ते 62 होते. पट्टीवरचा रंग आणि अहवालातील आकडा जुळेना म्हणून चार दिवसांनी शोध घेतला, तेव्हा घोटाळा उमगला आणि त्या घरी पुन्हा जाऊन सांगावे लागले. ॲपमध्ये एकक निवडण्याची सोय नाही. संख्या टाका, इतकेच ते सांगते.

विहिरीतील नायट्रेट प्रशिक्षणानंतर कमी झाले का, या प्रश्नालाही एका हंगामात उत्तर नाही. जमिनीच्या पृष्ठभागापासून भूजलापर्यंत पोहोचायला पाण्याला काही ठिकाणी काही महिने, तर काही ठिकाणी अनेक वर्षे किंवा दशके लागतात, त्यामुळे आज विहिरीत दिसणारे नत्र कदाचित प्रशिक्षणाच्या कितीतरी आधी टाकलेले असते. ओढ्याच्या पाण्याचे गणित याच्या उलट आहे: तिथे बदल झपाट्याने होतात, पण गाळ आणि त्याला चिकटून जाणारे स्फुरद (फॉस्फरस) यांचा मोठा हिस्सा वर्षातील मोजक्या जोरदार पावसांत वाहून जातो. संचाच्या वेळापत्रकानुसार महिन्यातून एकदा ठरावीक दिवशी नमुना घ्यायचा असतो. त्या दिवशी पाणी बहुधा नितळच असते. आम्ही पाऊस पडत असताना नळी घेऊन ओढ्यावर जाऊ लागलो, तेव्हा कोणत्या शेताखालून गढूळ लोंढा येतो ते दिसू लागले.

आता तुलना गटाविषयी, कारण माझ्या मते या संचाची परीक्षा तिथेच झाली. तुलना गटाशिवाय केलेल्या मूल्यमापनावर विसंबता येत नाही, याचे प्रसिद्ध उदाहरण शेतीशाळांचे, म्हणजे शेतातच भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या वर्गांचे, आहे. 1989 मध्ये इंडोनेशियात भातावरील एकात्मिक कीड व्यवस्थापनासाठी सुरू झालेल्या या शाळांची कीर्ती जगभर पसरली, पण 2004 मध्ये फेडर, मुरगई आणि क्विझॉन यांनी शाळेत गेलेल्या आणि न गेलेल्या शेतकऱ्यांची काळानुसार तुलना केली, तेव्हा उत्पादनात किंवा कीटकनाशकांच्या वापरात त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. त्या निष्कर्षावर वाद झाले. तरीही केवळ आधी-नंतरचे आकडे पुरत नाहीत हा धडा राहिला. म्हणून आम्हीही तुलना गट ठेवला आणि त्यांच्याकडे फक्त मोजमाप केले, शिकवले काहीच नाही.

निदान आमची समजूत तशी होती. प्रत्यक्षात मोजमाप म्हणजेच शिकवणे ठरले. पट्टीचा रंग बदलताना पाहिलेली माणसे शेजारच्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून आणू लागली, आणि पाऊस येण्याच्या तोंडावर नत्रखत टाकू नये ही सूचना, जी आम्ही त्या गटात एकदाही उच्चारली नव्हती, काही जणांनी रंगावरून स्वतःच काढली. निकाल हंगाम संपेपर्यंत सांगू नयेत, अशी पुस्तिकेची शिफारस आहे. तुलनेच्या दृष्टीने ती बरोबर असेलही, परंतु जास्त नायट्रेट असलेले पाणी सहा महिन्यांहून लहान बाळाच्या दुधात मिसळले जात असेल तर त्या बाळाचा जीव धोक्यात येऊ शकतो, हे ठाऊक असताना आकडा दडवणे मला मान्य नव्हते. आम्ही प्रत्येक निकाल त्याच दिवशी सांगितला आणि तुलना गट गमावला. अंतिम अहवालात दोन्ही गटांतील फरक क्षुल्लक दिसतो आणि त्याचे कारण मी तिथे सविस्तर लिहिले आहे. ते कोणी वाचेल की नाही, हे माझ्या हातात नाही.

ॲपविषयी थोडक्यात सांगायचे तर ते नेटवर्कशिवाय चालते ही मोठी सोय आहे. मात्र ज्यांची अंतिम नोंद नाही त्यांना ते सरासरीतून मुकाट्याने वगळते. प्रशिक्षण अर्ध्यात सोडलेले सगळे त्यामुळे हिशोबातून गायब झाले आणि उरलेल्यांची प्रगती आपोआप चांगली दिसू लागली. सोडून गेलेल्यांची यादी मला हाताने काढावी लागली. त्यांच्यात स्त्रियांचे प्रमाण जास्त होते आणि विचारल्यावर बहुतेकींनी वर्गाची वेळ अडचणीची असल्याचे सांगितले. ही माहिती कार्यक्रम चालवणाऱ्यांना सर्वाधिक उपयोगी पडली.

पुढच्या हंगामातही मी हाच संच वापरणार आहे. कर्बाची चाचणी सुरुवातीला एकदाच करून आकडा पाच वर्षांनंतरच्या तुलनेसाठी जपून ठेवणार आहे, शिवारफेऱ्या दोनऐवजी चार करणार आहे आणि गाठींचा दोर स्वतःचाच नेणार आहे. नायट्रेटच्या पट्ट्यांचे डबे उरले आहेत, पण त्यांची मुदत संपत आली असल्याने ते मूल्यमापनात वापरता येणार नाहीत. मुदत आहे तोवर ते तुलना गटातील लोकांनी मागून घेतले आहेत.