सोळा अँपिअरचा सॉकेट की भिंतीवरचा बॉक्स? नागपुरात घरी इलेक्ट्रिक कार चार्ज करायची तर

गाडी बुक झाली की शोरूमवाला चार्जरचं विचारतो. सोबत येणाऱ्या केबलवर भागवणार, की भिंतीवर ७.२ किलोवॅटचा बॉक्स लावून घेणार? फास्ट म्हणजे चांगलं असं धरून घरचे सगळे लगेच बॉक्सकडे झुकतात. माझं मत वेगळं आहे. रोज मनीषनगरहून बुटीबोरीला किंवा कोराडी रोडवरून मिहानला जाणं-येणं असेल, तर पहिला पैसा मीटरपासून पार्किंगपर्यंतच्या स्वतंत्र लाइनवर आणि अर्थिंगवर घाला. चार्जर कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत तो तोवर आपोआप सुटलेला असतो.

गाडी किती घेते?

भिंतीवरच्या बॉक्सला आपण चार्जर म्हणतो खरं, पण भिंतीतून येणाऱ्या एसी विजेचं बॅटरीला लागणाऱ्या डीसी विजेत रूपांतर करायचं काम गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. बॉक्स म्हणजे शहाणा स्विच: अर्थिंग तपासतो, गाडीला किती अँपिअर ओढता येतील ते सांगतो आणि काही बिघडलं की तोडतो. त्यामुळे ३.३ किलोवॅटच्या ऑनबोर्ड चार्जरच्या गाडीला ७.२ चा बॉक्स लावला तरी ती ३.३ नेच भरणार. टियागो ईव्ही, पंच ईव्ही यांच्या काही व्हेरिएंटना ३.३ आणि काहींना ७.२ आहे; २०२३ साली आलेल्या कॉमेटला सुरुवातीला ३.३ च होता. क्रेटा इलेक्ट्रिकसारखी गाडी ११ किलोवॅट घेते, पण तिला थ्री फेज हवा. ब्रोशरमधली ही एक ओळ बघितल्याशिवाय बॉक्सच्या दुकानाची पायरी चढू नका.

रोजचं गणित

शहरात एसी लावून गाडी एका युनिटला साधारण ७ किमी जाते असं धरू. चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के वाया जातं, ते मीटरवर दिसतं, बॅटरीत दिसत नाही. मग हिशोब असा होतो:

| | १६ अँपिअर सॉकेट, ३.३ किलोवॅट | भिंतीवरचा बॉक्स, ७.२ किलोवॅट | थ्री फेज बॉक्स, ११ किलोवॅट |
|---|---|---|---|
| ६० किमी भरून काढायला | सुमारे ३ तास | दीड तासाच्या आत | तासाभरात |
| १०० किमी भरून काढायला | सुमारे ५ तास | अडीच तासांच्या आत | सुमारे दीड तास |
| तांब्याची वायर | ४ चौरस मिमी | ६ चौरस मिमी, अंतर जास्त तर १० | थ्री फेज, इलेक्ट्रिशियनच्या हिशोबाने |
| मंजूर भार (मीटरला मंजूर झालेले किलोवॅट) | बहुतेकदा आहे तोच पुरतो | बहुतेकदा वाढवावा लागतो | थ्री फेज मीटर असायलाच हवं |

बुटीबोरी म्हणजे सीताबर्डीपासून तीसेक किमी. जाऊन-येऊन साठ धरा. रात्री दहाला केबल लावली तर एकच्या सुमारास गाडी जिथल्या तिथे, आणि सकाळी सहापर्यंत तिचं नुसतं उभं राहणं. आठ तासांची रात्र साध्या ३.३ वरही दीडशे किमीच्या वर रेंज परत देते. वर्ध्याला जाऊन आलात तरी तेवढं भरून निघतं.

मग ७.२ कुणाला? माझ्या मते तिघांना. एक, ज्यांची शिफ्ट फिरते आणि गाडी घरी कधी चारच तास थांबते. दुसरे, ज्यांच्या घरी दोन इलेक्ट्रिक गाड्या आहेत. तिसरे, ज्यांची बॅटरी ४५ युनिटच्या वरची आहे आणि जे आठवड्यातून एकदोनदा समृद्धी महामार्गाने लांब जाऊन रात्री उशिरा रिकामी गाडी घेऊन घरी येतात. अशी गाडी ३.३ वर रिकामीची पूर्ण भरायला पंधरा तास घेते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघायचं असेल तर ते जमत नाही. २०१७ मध्ये नागपुरात ओला आणि महिंद्राच्या इलेक्ट्रिक टॅक्स्या सुरू झाल्या, त्यांचा प्रश्न हाच होता: दिवसभर फिरणाऱ्या गाडीला थांबायला वेळ नसतो. ऑफिसला जाणाऱ्याची गाडी दिवसाचे वीसेक तास उभीच असते.

११ किलोवॅटबद्दल थोडक्यात. गाडी तेवढं घेत असेल आणि घरात थ्री फेज आधीपासून असेल तर जरूर लावा. केवळ चार्जरसाठी थ्री फेज घेऊ नका. घरगुती थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजच्या साधारण तिप्पट पडतो आणि तो गाडी चार्ज केली नाही तरी दर महिन्याला द्यायचाच असतो.

सॉकेटचा मार्ग स्वस्त, पण सॉकेट कोणता?

इथे लोक गफलत करतात. पार्किंगच्या भिंतीवर पाण्याच्या मोटारीसाठी बसवलेला जुना पॉवर पॉइंट असतो, त्यालाच गाडी लावतात. मोटार वीस मिनिटं चालते. गाडी सलग पाच-सहा तास १५ अँपिअर ओढते. सॉकेटच्या आतली पितळी पकड सैल असेल तर तिथेच उष्णता साठते. पहिल्या आठवड्यात चार्जिंगला तासभर झाला की प्लगवर हात ठेवून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, किंवा भोकांभोवतीचं प्लास्टिक तांबूस-पिवळं पडायला लागलं असेल, तर त्याच दिवशी ते बंद करा. एक्स्टेंशन बोर्डाचं तर नावच नको.

चांगला उपाय म्हणजे निळा इंडस्ट्रियल सॉकेट, तीन जाड पिनांचा, झाकणवाला. त्याची पकड घट्ट असते, रोजच्या काढ-घालीला तो टिकतो आणि पावसाचे शिंतोडेही सोसतो. गाडीबरोबर आलेल्या केबलचा प्लग वेगळा असेल तर कंपनीने दिलेला अ‍ॅडॉप्टरच वापरा. प्लग कापून नवा जोडला तर वॉरंटीचा वाद ओढवून घ्याल. निळा सॉकेट नको असेल तर चांगल्या कंपनीचा आयएसआय शिक्क्याचा १६ अँपिअर सॉकेट, स्वतंत्र एमसीबीवर. केबलमधला जड डबा लोंबकळत ठेवू नका, त्याचं सगळं वजन पिनांवर येतं. भिंतीत एक हुक ठोकला की काम झालं.

बॉक्सचा खरा फायदा मला वेगाच्या बाहेर दिसतो. रोज डिकीतून केबल काढायची कटकट नाही, प्लग-सॉकेटचा सांधा नाही, आणि बहुतेक बॉक्समध्ये अँपिअर कमी-जास्त करता येतात. म्हणजे ३२ अँपिअरचा बॉक्स आज १६ वर लावून ठेवायचा आणि भार वाढवून मिळाला की मोकळा सोडायचा. काही बॉक्स मीटरजवळ एक सेन्सर लावून घरचा भार बघतात आणि गिझर किंवा एसी सुरू झाला की गाडीचा वाटा आपोआप कमी करतात. पाच किलोवॅट मंजूर भाराच्या घरात हे वैशिष्ट्य अ‍ॅपमधल्या रंगीत आलेखांपेक्षा कितीतरी उपयोगाचं. वायफाय मात्र तळमजल्याच्या पार्किंगमध्ये पोचतं का, ते आधी मोबाइल हातात धरून बघा.

काळी माती आणि लाल दिवा

नव्या गाडीवाल्याची सगळ्यात नेहमीची तक्रार अशी: केबल लावली, डब्यावर लाल दिवा लागला, चार्जिंग सुरूच होत नाही. शोरूमवाला म्हणतो घरचं वायरिंग खराब, इलेक्ट्रिशियन म्हणतो गाडी खराब. बहुतेक वेळा इलेक्ट्रिशियन चुकतो. चार्जरला अर्थिंग नीट मिळाल्याशिवाय तो वीज सोडत नाही, आणि जुन्या घरांत अर्थिंगची वायर कुठे जाते हे घरमालकालाही ठाऊक नसतं.

तपासणी सोपी आहे. मल्टिमीटरने फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ मोजायचं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. मग न्यूट्रल ते अर्थ. दोन-तीन व्होल्ट आले तर बरं. पाच-सातच्या वर गेलं तर लाल दिव्याची तयारी ठेवा. आणि हे मोजताना घरातला गिझर सुरू ठेवायला सांगा. भाराशिवाय घेतलेलं माप गोड दिसतं आणि रात्री फसवतं. फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील तरी काही चार्जर अडून बसतात.

नागपूरची काळी माती इथे आडवी येते. पावसाळ्यात ती चिंब असते आणि अर्थिंग झकास लागतं. एप्रिल-मेमध्ये तीच माती आकसते, बोटभर रुंद भेगा पडतात, अर्थिंगसाठी पुरलेल्या इलेक्ट्रोडभोवती पोकळी होते आणि डिसेंबरमध्ये हिरवा असलेला दिवा मेमध्ये लाल होतो. म्हणून अर्थिंग उन्हाळ्यात तपासून घ्या. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर त्यात नियमाने पाणी घाला. कूलरच्या टाकीतलं आठवड्याने काढून टाकायचं क्षारयुक्त पाणी याला उत्तम. नव्याने करत असाल तर केमिकल अर्थिंग करा. आर्क्टिकमध्ये वापरता येईल असा महागडा बॉक्स आणि खाली वाळलेला खड्डा, असली जोडी मला पटत नाही.

आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा हवाच. तोही टाइप ए. दुकानात सहसा मिळतो तो टाइप एसी. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर तो आंधळा होऊ शकतो. बॉक्स घेताना त्यात ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखायची सोय आहे का, एवढं विचारा. विक्रेता गोंधळला तर दुसऱ्या दुकानात जा.

ऊन हा वेगळाच विषय. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि पंचेचाळीस तर आपल्याकडे दरवर्षीचंच. बॉक्स पश्चिमेच्या भिंतीवर उघड्यावर लावला तर संध्याकाळपर्यंत त्याचा डबा हवेपेक्षा बराच तापतो. बरेच चार्जर तापले की स्वतःच करंट कमी करतात, मग ७.२ चे पैसे देऊन तुम्ही निम्म्यावर चालवता. सावलीची भिंत शोधा, नाहीतर वर पत्र्याची छोटी पडवी काढा. मेमध्ये ऑफिसातून आल्याआल्या गाडी लावू नका. अकराचं शेड्यूल टाका. बॅटरी निवते, आणि शेजारच्या चार घरांचे कूलर-एसी सुरू असताना उतरलेलं व्होल्टेजही तोवर सावरतं.

फ्लॅट स्कीममध्ये

लेआउटमधल्या स्वतंत्र घरात हे सगळं आपल्या हातात असतं. फ्लॅट स्कीममध्ये आधी मीटर रूमपासून आपल्या पार्किंगच्या जागेपर्यंतचं अंतर मोजा. तळमजल्यावरच मीटर असतील तर आपल्याच मीटरवरून पाइपातून लाइन ओढणं सगळ्यात सरळ. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून वीज घेऊ नका, दर महिन्याला लिफ्टच्या बिलावरून भांडण ठरलेलं. वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र कनेक्शन मागता येतं. सचिवांना पत्र देताना भार किती आणि लाइन कुठून जाणार याचा इलेक्ट्रिशियनने काढलेला कागद जोडा. विरोध बहुतेकदा आगीच्या भीतीपोटी असतो आणि त्या कागदाने निम्मा विरतो.

बिल

घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो. अडचण टप्प्यांची. महिन्याला हजार किमी म्हणजे १६० च्या आसपास युनिट. घरचा वापर दोनशे असेल तर तुम्ही ३०० चा टप्पा ओलांडता आणि वरची युनिटं महाग पडतात. उन्हाळ्यात एसीमुळे ५०० चीही वेस गाठाल. अशा घरांनी वेगळ्या ईव्ही मीटरचा दर आणि स्थिर आकार महावितरणच्या कार्यालयातून घेऊन, शेवटच्या टप्प्याच्या दराशी ताडून बघावा. ज्यांचा एकूण वापर गाडी धरूनही ३०० च्या आत राहतो, त्यांनी या भानगडीत पडू नये.

स्मार्ट टीओडी (वेळेनुसार दर लावणारं) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. गंमत अशी की नेमकी तेव्हा ऑफिसवाल्याची गाडी ऑफिसात असते. रात्रीची वीज स्वस्त हा समज घरगुती बिलात धरू नका. शनिवार-रविवार घरी असाल तर मात्र गाडी दुपारी लावा. इथे ७.२ चा बॉक्स थोडी बाजी मारतो, कारण दोन दुपारींत तो आठवड्याचं बहुतेक चार्जिंग उरकतो.

छतावर सोलर असेल तर ईव्हीसाठी वेगळं मीटर घेण्याआधी दोनदा विचार करा. एक किलोवॅट सोलर दिवसाला चारेक युनिट देतं. तीन किलोवॅटमध्ये महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. ती युनिटं घरच्या मीटरवर वळती होतात, वेगळ्या मीटरवर नाही.

भाड्याच्या घरात असाल तर प्रश्नच नाही: गाडीबरोबरची केबल आणि घरमालकाच्या परवानगीने एक सॉकेट. बॉक्स काढून नेता येतो, भिंतीतली तांब्याची वायर तिथेच राहते, आणि खर्चातला मोठा भाग तीच असते.

शोरूमकडून बॉक्स फुकट मिळत असेल तर नाही म्हणू नका, १६ अँपिअरवर लावून ठेवा. पण फुकट बसवणीत किती मीटर वायर येते हे लेखी घ्या. ठरलेल्या लांबीनंतर प्रत्येक मीटरचे पैसे लागतात, आणि मीटर रूम पुढच्या बाजूला अन् पार्किंग मागे अशी स्कीम असेल तर ते फुकट फार महाग पडतं. टेप घेऊन आधी स्वतः मोजा, भिंतीवरून वर चढणारी आणि खाली उतरणारी लांबी धरून.