पुढचे स्प्रिंग बदलले म्हणे!

माझी १९८४ची अँबेसेडर, मार्क ४. इंजिन, पत्रा, वायरिंग करता करता दोन वर्षं गेली. शेवटी रस्त्यावर आली, तर डावीकडे ओढायला लागली. पुढून पाहिलं तर डावा कोपराही जरा बसलेला.

सातारा रस्त्यावरच्या एका कॉम्प्युटर अलाइनमेंटवाल्याकडे गाडी सोडून ऑफिसला गेलो. चूक इथेच झाली. दुपारी मीटिंगमध्ये असताना फोन आला, “काका, पुढचे स्प्रिंग बसलेत, जोडी बदलावी लागेल. कॅम्बरपण आऊट आहे.” (कॅम्बर म्हणजे पुढून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल.) म्हटलं, करा. संध्याकाळी ७,८०० रुपये मोजले आणि घरी आलो.

रात्री टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो, नवे स्प्रिंग बघायला. तेव्हा ट्यूब पेटली. हिला पुढे कॉइल स्प्रिंग नाहीतच! टॉर्शन बार आहे, गाडीच्या लांबीत बसवलेला लोखंडी दांडा. तो पिळला जातो, तेच स्प्रिंगचं काम. (दोन वर्षं गाडी उलगडतोय, आणि फोनवर हे आठवू नये?) दोन्ही दांड्यांवर मीच मारलेला काळा रंग, ओरखडासुद्धा नाही. टाय-रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या, लॉकनटवरही तोच रंग. तो नट ढिला केल्याशिवाय टो (वरून पाहताना चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते) हलतच नाही. म्हणजे अलाइनमेंटही केलं नव्हतं. प्रिंटआउटवर मात्र सगळे आकडे हिरवेगार, आणि वर मॉडेल कोणतं? कुठल्याशा हॅचबॅकचं.

दुसऱ्या दिवशी गेलो, म्हटलं जुने स्प्रिंग दाखवा. “भंगारात गेले.” टॉर्शन बारचा विषय काढला, तर मालक शांतपणे, “साहेब, आम्ही त्यालाच स्प्रिंग म्हणतो.” तासभर हुज्जत घातली तेव्हा ३,००० परत मिळाले.

नाना पेठेत पार्ट घेता घेता एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा पत्ता लागला. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, चाक वर-खाली धरून हलवलं. खालच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक सस्पेंशनला जोडणाऱ्या सांध्यात, चांगलाच प्ले (ढिलेपणा). ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, रंगानं बुजलेला, तोही माझ्याच. ट्रनियन बदलली, मग टॉर्शन बार एक दात सरकवून उंची जुळवली आणि टो सगळ्यात शेवटी. “उंची बदलली की कॅम्बर-टो दोन्ही बदलतात, मग आधी अलाइनमेंट करून काय उपयोग?” असं म्हणत त्यांनी गाडी दोनदा पुढे-मागे ढकलायला लावली, सस्पेंशन बसलं, तेव्हाच माप घेतलं.

मजुरी ९०० रुपये. जुनी ट्रनियन त्यांनी न मागता डिकीत ठेवली होती.