'अल्बट्रॉस' ग्लायडर: विमान पैसावसूल, खोक्यावरचं ज्ञान मात्र सोडून द्या

साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला एका खेळण्यांच्या दुकानात हे फोमचं ग्लायडर साडेसहाशेला मिळालं. हातानं फेकायचं, मोटर नाही, रिमोट नाही. उडतं झकास, हे आधीच सांगून टाकतो. कंपनीचं नाव देत नाही, कारण माझी तक्रार खोक्यावर छापलेल्या मजकुराबद्दल आहे आणि असला मजकूर इतरांच्या खोक्यांवरही सर्रास असतो.

माझा धंदा ग्रिल-शटरचा. त्यामुळं कुठलीही वस्तू हातात आली की आधी सांधा बघतो. इथं पंखाचे दोन तुकडे मधल्या प्लॅस्टिकच्या खाचेत बसतात आणि ती खाच ढिली आहे. फेकताना डावा पंख किंचित वर उचलला जातो आणि विमान गोल फिरून आपल्याच डोक्यावर येतं. खाचेत थोडा फेव्हिकॉल भरून रात्रभर वाळू द्या. झटपट चिकटणारा गोंद चुकूनही लावू नका, हा फोम त्यानं विरघळतो. नाकात वजनासाठी दोन वायसर दिलेत, त्यातला एक काढलात तर विमान नाक खुपसत नाही.

सकाळी क्रिकेटवाले यायच्या आत जिल्हा परिषद मैदानावर उडवलं तर सरळ, लांब आणि शांत जातं. खरी मजा यवतेश्वरच्या उतारावर. दरीतून वारा वर येत असला की विमान जागच्या जागी हवेवर टेकल्यासारखं उभं राहतं. तिथंच एक घार तसाच वारा धरून फिरत होती. भाचा म्हणाला, "मामा, हे तर घारीसारखं उडतंय. मग खोक्यावर अल्बट्रॉस कशाला लिहिलंय?"

पोराचा मुद्दा बरोबर आहे. अल्बट्रॉस हा लांब पंखांचा समुद्री पक्षी. खोक्यावर लिहिलंय, 'अल्बट्रॉस गरम हवेवर स्वार होऊन दिवसभर तरंगतो.' गरम हवेवर गिधाडं आणि घारी तरंगतात, आणि डोंगराला धडकून वर येणारा वाराही घारी वापरतात. त्यांचे पंख रुंद, टोकाला बोटांसारखे फाकलेले. अल्बट्रॉसचे पंख अरुंद आणि लांबच लांब, कारण त्याचा कारभारच वेगळा. समुद्रावर लाटांना घासून जाणारा वारा मंद असतो आणि दहा-वीस मीटर वर तोच वारा जोरात असतो. हा पक्षी वाऱ्याकडं तोंड करून चढतो. जसा वर जातो तसा समोरचा वारा वाढतो, म्हणून चढताना त्याचा दम मोडत नाही. वर पोचला की वळतो, वारा पाठीशी घेतो आणि खाली सूर मारतो. पाण्याजवळच्या संथ हवेत उतरेपर्यंत वेग कमावलेला असतो, त्याच वेगावर पुन्हा वळण आणि पुन्हा चढ. असा नागमोडी जात तो शेकडो किलोमीटर पंख न फडकवता काढतो. वारा सगळीकडं सारखा नसेल तर पक्ष्याला त्यातून उचल मिळू शकते, हे लॉर्ड रेले या इंग्रज शास्त्रज्ञानं १८८३ सालीच लिहून ठेवलंय. रिमोटची ग्लायडरं उडवणारे परदेशात डोंगराच्या आडोशाला हीच युक्ती वापरून मोटरशिवाय ताशी ८०० किलोमीटरच्या वर गेलेत. आपल्या साडेसहाशेच्या फोमकडून ती अपेक्षा ठेवू नका.

मला सगळ्यात आवडतो तो अल्बट्रॉसचा खांदा. पंख पूर्ण पसरला की तिथला एक स्नायुबंध अडकतो आणि पंख तसाच राहतो, धरून ठेवायला ताकद लागत नाही. आमच्या भाषेत कडी घातली. 'भटका अल्बट्रॉस' या जातीच्या पक्ष्यांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा उडतानाही ते जवळजवळ बसल्यासारखेच निघाले. खोक्यावर यातलं अक्षर नाही.

पंखांचा आकडा मात्र त्यांनी बरोबर दिलाय. टोकापासून टोकापर्यंत साडेतीन मीटरपर्यंत, जिवंत पक्ष्यांत सगळ्यात जास्त. पण शेजारचं चित्र चक्क सीगलचं आहे! पिवळी चोच, खाली लाल ठिपका. अल्बट्रॉस सीगलच्या कुळातला नाही. त्याच्या चोचीच्या दोन्ही बाजूंना नाकपुडीची छोटी नळी असते, आणि समुद्राचं पाणी पोटात गेलं तरी जादा मीठ डोक्यातल्या ग्रंथीतून बाहेर पडतं. चित्रकारानं नळी काढली असती तरी भागलं असतं.

'उडता उडता झोपतो' हे वाक्य ठोकून दिलंय. उडताना झोप येते हे मेंदूच्या नोंदी घेऊन सिद्ध झालंय ते फ्रिगेट नावाच्या दुसऱ्या समुद्री पक्ष्यांत, २०१६ साली. अल्बट्रॉस पाण्यावर बसतो, वारा पडला की तर बसूनच राहतो. 'वर्षानुवर्षं जमिनीला पाय लावत नाही' हे पिल्लं पहिल्यांदा समुद्रावर जातात तेव्हापुरतं खरं, पण तेव्हाही पाण्यावर टेकतातच.

'आयुष्यभर एकच जोडीदार' हे बऱ्याच अंशी खरं. तरी दक्षिण अमेरिकेजवळच्या फॉकलंड बेटांवर काळ्या भुवयांच्या अल्बट्रॉसच्या जोड्या समुद्र गरम असलेल्या वर्षांत जास्त तुटतात, असं २०२१ च्या अभ्यासात दिसलं. आयुष्य '४० वर्षं' छापलंय. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरच्या 'विज्डम' नावाच्या अल्बट्रॉस मादीला १९५६ साली पायात ओळखीचं कडं घातलं तेव्हाच ती वयात आलेली होती, आणि २०२४ च्या शेवटी तिनं पुन्हा अंडं घातलं. हिशेब तुम्हीच करा.

खलाशी या पक्ष्याला देव मानून हात लावत नसत, अशी एक ओळ तळाला आहे. काही जण मारणं अपशकुनी मानत, पण पुष्कळ जहाजांवर त्याला गळानं पकडून खाल्लं जाई आणि पायाच्या कातड्याची तंबाखूची पिशवी शिवली जाई. आज तो मरतो तो लांब दोरीच्या मासेमारीत. दोरीला हजारो गळ असतात, आमिष बुडायच्या आत पक्षी झडप घालतो आणि गळासकट खाली जातो. दोरीला वजन लावलं, ती रात्री सोडली आणि वर फडफडत्या पट्ट्या बांधल्या तर मरण पुष्कळ कमी होतं. खोक्यावरच्या एवढ्या ओळींत एक ओळ याला द्यायला काय हरकत होती?

आणि हो, कोकणात फिरायला गेलात की मुलांना अल्बट्रॉस दाखवू नका, तो सीगलच असतो. बहुतेक अल्बट्रॉस दक्षिणेच्या महासागरात राहतात, थोडे उत्तर पॅसिफिकमध्ये.

उडण्याला पाचपैकी चार, सांध्याला दोन, खोक्याला शून्य. घेतलंत तर पंखाच्या पुढच्या कडेला पारदर्शक टेप मारा, करवंदीच्या जाळीत गेलं की फोम लगेच फाटतो. सुटा पंख मिळत नाही, दुकानदाराला विचारून झालंय.