नुकरा, सबजा, कुमैत : मांजरी गावाकडच्या घोडेस्वारीच्या क्लासबद्दल

माझी लेक 11 वर्षांची आहे. जूनपासून दर रविवारी सकाळी सातला तिला पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या पुढे घोडेस्वारी शिकायला नेते. आता चार महिने झाले, म्हणून लिहिते आहे.

आधी व्यवहाराचं. महिन्याची फी 6,500. तास म्हणायला 45 मिनिटांचा, पण खरारा करणं म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करणं, खोगीर चढवणं, परत आल्यावर पाणी पाजणं हे सगळं मुलांकडूनच करून घेतात, त्यामुळे दीड तास हाताशी ठेवा. हेल्मेट तिथं मिळतं, पण लहान मापाची दोनच आहेत. आपलं नेलेलं बरं. पावसाळ्यात शेवटच्या कच्च्या रस्त्यावर चिखल होतो. स्वच्छतागृह एकच आहे आणि मुलींसाठी वेगळी सोय हवीच.

आता शिकवण्याबद्दल. याआधी दोन महिने आम्ही दुसरीकडे जात होतो. तिथं लेकीला घोड्यावर बसवायचे आणि दोरी धरून गोल फिरवून आणायचे. आज कुठला घोडा म्हणून विचारलं की उत्तर यायचं, ‘तो ब्राऊनवाला’. दोन महिन्यांत त्या घोड्याबद्दल पोरीला एवढंच कळलं होतं.

इथं घोडे सांभाळतात त्यांना सगळे मामा म्हणतात. लहानपणापासून वडिलांबरोबर ते सारंगखेड्याला जायचे. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तोच. त्यांची भाषा तिथली आहे. पहिल्याच दिवशी लेक म्हणाली, मला पांढऱ्या घोड्यावर बसायचंय. मामांनी विचारलं, “पांढरा कुठला? दोन आहेत. एक नुकरा, एक सबजा.”

मला दोन्ही सारखेच दिसत होते. पाऊस भुरभुरत होता. मामांनी एकाच्या मानेवरचे ओले केस बोटांनी बाजूला केले, तर खाली कातडी काळीभोर. दुसऱ्याची केली, तर गुलाबी. “हा सबजा. जन्मला तेव्हा काळा होता, दरसाल उजळत गेला. अन् हा नुकरा, आईच्या पोटातूनच असा आला. याला ऊन सोसत नाही. दहानंतर याला बाहेर काढायचं नाही, नाकाचं कातडं सोलतं.” लेकीने तेव्हापासून नुकऱ्याला सावलीत बांधण्याचं काम अंगावर घेतलं आहे.

इथं प्रत्येक शब्द असा काही ना काही काम सांगतो. पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं. हे लेकीने घोडीभोवती फिरून, वाकून एकेक पाय मोजत पाठ केलं. अबलख म्हणजे पांढऱ्यावर दुसऱ्या रंगाचे मोठे डाग. नवशिक्या मुलांना मामा खच्ची केलेलाच घोडा देतात, कारण तो शांत असतो. ‘मनोबलाचं खच्चीकरण’ हे शब्द रोज पेपरात वाचणाऱ्या मला तो शब्द गोठ्या-तबेल्यातला आहे हे कधी जाणवलंच नव्हतं.

मी सदाशिव पेठेत एका प्रकाशनाकडे मुद्रितशोधनाचं काम करते. वीस वर्षं हस्तलिखितांच्या समासात ‘खोगीरभरती’ लिहीत आले आणि खरं खोगीर उसवलेलं पहिल्यांदा पाहिलं ते इथं. मामा एक जुनं खोगीर दुरुस्त करत बसले होते. शिवण उसवली तशा आतून चिंध्या निघाल्या, लोकरीचे गोळे, एका धोतराचा काठसुद्धा. मी म्हटलं, हीच का ती निरुपयोगी भरती? मामा एकदम गंभीर झाले. “निरुपयोगी कशी, ताई? एक गोळा इकडचा तिकडं झाला की जनावराची पाठ लागते. महिनाभर बसवावं लागतं त्याला.” मग त्यांनी माझा हात धरून त्या गादीवरून फिरवला. एका जागी सुपारीएवढी गाठ लागली. ती सारखी करायला त्यांना पाऊण तास लागला. आता समासात तो शब्द लिहिताना माझा हात थांबतो.

तट्टूबद्दल मात्र माझं थोडं भांडण आहे, आणि ते या क्लासच्या व्यवस्थापनाशी. तिथल्या दोन भीमथडी घोड्यांच्या खणावर इंग्रजीत ‘लोकल पोनी’ एवढंच लिहिलंय. थडी म्हणजे काठ, भीमेच्या काठचा घोडा तो भीमथडी. दौंड-बारामतीकडच्या जुन्या तालुक्याचंही हेच नाव होतं. उंची बेताची, खाणं थोडं, पाय डोंगरातही पक्का. याच तट्टांना यमुनेचं पाणी पाजल्याचं आपण अभिमानाने सांगतो. भीमथडीला आता देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंदही मिळाली आहे. सोलापूर रस्त्याला मेंढ्यांच्या कळपामागे, पाठीवर बिऱ्हाड आणि वर बांधलेल्या कोंबड्या घेऊन चालणारं तट्टू आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याचं नाव त्याच्या खणावर असायला हवं, आणि तेही पुण्यात. ‘भाड्याचं तट्टू’ ही शिवी ऐकून वाढलेल्या मुलांना हे कळायला हवं, असं मला फार वाटतं.

चालींचं शिकवणंही उत्तम. कदम चालीत चार टापा वेगळ्या ऐकू येतात, दुडकीत दोनच, कारण पुढचा एक आणि त्याच्या तिरप्या रेषेतला मागचा एक, असे पाय जोडीने पडतात. मामा टाळ्या वाजवून ते ऐकवतात आणि मुलं त्या तालावर रिकिबीत उठतात-बसतात. तिसऱ्या रविवारी लेकीला ताल सापडला. तिथल्या मारवाडी घोडीची चाल रहवाल. आतल्या बाजूला वळलेल्या कानांची ही घोडी धावते तेव्हा वरचा माणूस जवळजवळ हलत नाही. तिच्यावर बसायला मात्र वर्षभर तरी थांबावं लागेल, असं मामांनी स्पष्ट सांगितलंय.

पाट्यांबद्दल मी व्यवस्थापनाकडे दोनदा बोलले, काही हललं नाही. मग मामा म्हणाले, “तुम्हीच लिहून द्या ना, ताई.” मागच्या आठवड्यात जाड कागदावर ठळक अक्षरात सात पाट्या लिहिल्या, प्लॅस्टिकमध्ये घालून नेल्या. सहा लागल्या. सातवी राहिली, कारण त्या घोड्यावरून मामांचं आणि नालबंदाचं जमेना. आयाळ काळी असेल तर कुमैत, अंगासारखीच तांबूस असेल तर सुरंग. पावसाने भिजलेली आयाळ काळीच दिसत होती. येत्या रविवारी ऊन पडलं तर बघू.