लॉर्ड ऑफ द रिंग्जचा एक्स्टेंडेड ब्लू-रे सेट घ्यावा का? (बोरोमीर पार्टीकडून)

आधीच सांगते, मी बोरोमीर पार्टी आहे, म्हणजे शॉन बीनने केलेल्या बोरोमीरची, त्यामुळे निष्पक्ष रिव्ह्यू हवा असेल तर दुसरीकडे बघा. हा २०११ मध्ये आलेला १५ डिस्कचा सेट, सहा ब्लू-रे आणि नऊ डीव्हीडी, तिन्ही पिक्चर लांबवलेल्या व्हर्जनमध्ये. ओटीटीवर मिळतो की पिक्चर, मग डिस्क कशाला, असं सगळे म्हणतात. पण आमच्या घरात हा पिक्चर लावला की गट पडतात, ताई अॅरागॉर्नची म्हणजे व्हिगो मॉर्टेन्सनची, मामेभाऊ लेगोलासचा (खरं तर ऑर्लँडो ब्लूमच्या केसांचा), आई इयन मॅकेलनच्या गँडाल्फशिवाय कुणाला मोजत नाही, आणि अशा भांडकुदळ लोकांसाठी हा सेट म्हणजे नुसता दारूगोळा आहे.

कारण लांबवलेल्या व्हर्जनमध्ये प्रत्येकाच्या माणसाला काहीतरी जास्तीचं मिळालंय. ताईला एओविनचा तो भयाण रस्सा मिळाला, अॅरागॉर्न बिचारा चेहरा सरळ ठेवून तो खातो आणि वर आपलं वय ८७ असल्याचं सांगतो, ताई म्हणते बघ सासरी असं वागणारा माणूस पाहिजे. मामेभावाला लेगोलास आणि गिमलीची पिण्याची स्पर्धा मिळाली. आणि मला दुसऱ्या पिक्चरमधला ऑसगिलियथचा फ्लॅशबॅक! लढाई जिंकून बोरोमीर आणि धाकटा फारामीर हसतखेळत पितायत आणि तेवढ्यात बाप येऊन धाकट्याचा पाणउतारा करतो, बोरोमीर मध्ये पडतो तरी शेवटी बाप त्यालाच अंगठी आणायला पिटाळतो. हा सीन बघितल्यावर शॉन बीनला व्हिलन म्हणून दाखवाच तुम्ही मला. दुष्ट जादूगार सारुमानचा शेवट पण या सेटमधल्या तिसऱ्या पिक्चरमध्ये आहे, २००३ मध्ये थिएटरला तो अख्खा उडवला होता, ख्रिस्तोफर लीसारख्या माणसाला असं कापायचं म्हणजे हद्द झाली.

पण खरे पैसे वसूल होतात ते कॉमेंटरीत, म्हणजे पिक्चर चालू असताना त्यावर बनवणाऱ्यांच्या गप्पा ऐकू येतात त्यात. प्रत्येक पिक्चरला चार कॉमेंटरी ट्रॅक आहेत, बाकीचे तीन नंतर कधीतरी ऐका, आधी कलाकारांचा लावा. मेरी आणि पिपिन हे दोन हॉबिट (बुटके लोक), म्हणजे डॉमिनिक मोनॅहन आणि बिली बॉइड, कट्ट्यावर बसल्यासारखे एकमेकांची खेचत असतात, आणि तिसऱ्या पिक्चरला तर अँडी सर्किस त्याच्या गॉलम आणि स्मीगॉल या एकाच पात्राच्या दोन रूपांच्या आवाजात पण बोलतो. गंमत म्हणजे व्हिगो एकाही कॉमेंटरीत नाही!! ताईचा पार पचका झाला. ती त्याची भरपाई म्हणून अॅरागॉर्नचा लोखंडी शिरस्त्राणाला लाथ मारायचा सीन आला की दर वेळी सांगते, माहितीये का त्याच्या पायाची बोटं खरंच मोडली होती, आणि आम्ही सगळे एका सुरात, होऽ माहितीये.

मेकिंगच्या डीव्हीडींवर तर नुसतं भांडार आहे. माझ्या शॉन बीनला हेलिकॉप्टरची इतकी भीती की बाकीचे उडत वर जायचे आणि हा बोरोमीरच्या पूर्ण कपड्यांत डोंगर चढायचा. बुटका गिमली करणारा जॉन ऱ्हीस-डेव्हिस प्रत्यक्षात सहा फुटांच्या वर आहे, म्हणून तर तो हॉबिटवाल्यांसोबत एकाच फ्रेममध्ये उभा राहिला तरी प्रमाण बरोब्बर बसायचं. नऊ जणांच्या त्या टोळीतल्या आठ जणांनी आठवण म्हणून टॅटू काढला, गिमलीबुवांनी मात्र आपल्या जागी स्टंट डबलला पाठवलं. गिमली पार्टी आमच्याकडे नाही, पण हे ऐकून आई थोडी तिकडे झुकलीये.

आता तक्रारी. पहिल्या पिक्चरच्या प्रिंटवर हिरवट झाक आहे, एकदा दिसली की दिसतच राहते. मेकिंग सगळं डीव्हीडीवर, त्यामुळे मोठ्या टीव्हीवर जरा धूसर. बाहेरून मागवत असाल तर डीव्हीडीचा रीजन (ती कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल तो कोड) आधी विचारा, आपल्याकडचा रीजन ५, साधा प्लेअर असेल तर बोंबलत बसाल. मी ज्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतला त्याने धड गुंडाळला पण नव्हता, खोक्याचा कोपरा चेपलेला आला. प्रत्येक पिक्चर दोन डिस्कमध्ये तोडलाय हे काहींना खटकतं, मला नाही, तिसरा चार तासांच्या वर आहे, मध्यंतर नको का? आणि पहिल्याची डिस्क तर एलरॉन्डच्या सभेला संपते, पिपिन विचारतो आपण जायचंय कुठे, की लगेच उठून वडे तळायला घ्यायचे.

२०२० चा फोर-के सेट चित्राच्या बाबतीत कितीतरी सरस आहे, पण त्यात मेकिंगच्या डिस्क नाहीत. नुसता पिक्चर बघायचा असेल तर तोच घ्या. आपल्या आवडत्या नटासाठी घरच्यांशी भांडायचं असेल तर हा, जुना मिळाला तरी चालेल, फक्त सगळ्या डिस्क आहेत का ते मोजून घ्या. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या हिरव्या रंगाचा कापला. ताई म्हणते चारच दे, व्हिगो बोललाच नाही.